नावातली तारीख

जुने फोटो, आवाजाची रेकॉर्डिंग, स्कॅन केलेली पत्रं असा सगळा ऐवज एका डिस्कवरून दुसरीकडे हलवला, की पुष्कळदा सगळ्या फाइली एकाच दिवसाच्या होऊन बसतात. तारखेनुसार क्रम लावावा, तर पाळण्यातली मुलगी आणि तीच मुलगी कॉलेजात जातानाची, दोघी शेजारीशेजारी. एकही फोटो हरवलेला नसतो, तरी काहीतरी मोठं हरवलंय हे लगेच जाणवतं. कशाच्या आधी काय आणि कशाच्या नंतर काय हे कळेनासं झालं, की फोटोंचा नुसता ढीग उरतो.

आमच्या घरच्या फाइलींचं हेच झालं होतं. जुना संगणक, कुणाकुणाचे फोन, बाहेरची डिस्क, नातेवाइकांनी झिप करून पाठवलेले फोल्डर, हे सगळं एकत्र करताना तारखा विस्कटल्या. त्यातल्या बहुतेक आता जागेवर आल्या आहेत, आणि त्या परत मिळाल्या त्या फाइलींच्या नावांमुळे. हजारो फाइली एका दमात दुरुस्त करायच्या हे काम तांत्रिक आहेच. पण ते करताना सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो एकाच प्रश्नाचा: या फाइलीबद्दल आपल्याला नक्की किती माहीत आहे?

आपण ‘फाइलची तारीख’ म्हणतो तेव्हा मनात एकच गोष्ट असते, हा क्षण कधीचा. संगणकाकडे त्या प्रश्नाचं उत्तर नसतं. त्याच्याकडे असतात नोंदी: फाइलमध्ये शेवटचा बदल कधी झाला, ती शेवटची कधी उघडली, आणि या डिस्कवर ती कधी आली. विंडोजमध्ये एखादी जुनी फाइल दुसऱ्या फोल्डरात कॉपी करून पाहा. बदलाची तारीख जुनीच राहते, पण निर्मितीची तारीख आजची होते, म्हणजे फाइल ‘निर्माण’ होण्याच्या कितीतरी वर्षं आधी ‘बदललेली’ दिसते. यात चूक काहीच नाही. निर्मिती म्हणजे ही प्रत इथे आली तो क्षण, एवढाच त्या शब्दाचा तिथला अर्थ. लिनक्स या संगणकप्रणालीवर ‘सीपी’ या आज्ञेने साधी कॉपी केली की बदलाची तारीखही आजची होते. त्याला ‘पी’ हा पर्याय जोडला तरच जुनी टिकते. तिथे ‘सीटाइम’ नावाची आणखी एक वेळ असते. पुष्कळ लोक तिला निर्मितीची वेळ समजतात, पण ती असते फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ. तिच्याकडे नंतर येते.

झिपची तर वेगळीच तऱ्हा. जुन्या पद्धतीच्या झिपमध्ये वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत लिहिली जाते आणि ती कुठल्या देशातली वेळ आहे हे लिहिलेलंच नसतं. एका देशात बांधलेली झिप दुसऱ्या देशात उघडली, तर घड्याळाचे आकडे तेच राहतात आणि क्षण मात्र बदलतो.

या सगळ्या तारखा फाइलच्या बाहेरच्या, डिस्कने ठेवलेल्या. फोटोच्या आतही एक तारीख असते: एक्झिफ. जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने १९९५ साली हा नमुना आणला आणि फोटो काढल्याचा क्षण फोटोच्याच पोटात लिहायची सोय झाली. डिस्क बदलो, फोन बदलो, ही तारीख फाइलसोबत जाते. तिच्यातही एक उणीव बरीच वर्षं होती. वेळ लिहिली जायची, पण कुठली वेळ, ते नाही. ग्रिनिचपासूनचा फरक लिहायला अधिकृत जागा मिळाली ती २०१६ च्या २.३१ या आवृत्तीत. शिवाय निरोपांच्या अ‍ॅपमधून फोटो पाठवला की एक्झिफ बहुधा गळून जातं. स्क्रीनशॉट आणि आवाजाच्या फाइली यांच्यात ते शोधण्यात फारसा अर्थ नसतो. स्कॅनमध्ये तारीख सापडलीच, तर ती स्कॅन केल्याची असते. ती खरी असते, पण आपल्याला हवी असलेली नसते.

मग उरतं नाव. कॉपी करा, झिप करा, क्लाउडवर चढवून पुन्हा उतरवा, कोणी मुद्दाम बदललं नाही तर नाव तसंच राहतं. डिस्कची तारीख हलवाहलवीत पुसली जाते, पण नावात लिहिलेले आकडे टिकतात. ते आकडे वाचून डिस्कच्या नोंदीत परत भरायचे, एवढंच हे काम.

ऐकायला सोपं आहे, आणि अर्ध्या फाइलींच्या बाबतीत ते खरोखरच सोपं असतं. फोनच्या कॅमेऱ्याने दिलेलं ‘आयएमजी_२०१९०८१४_१५३०१२’ हे नाव घ्या. वर्ष, महिना, दिवस, मग तास, मिनिट, सेकंद. मोठ्याकडून लहानाकडे जाणारा हा क्रम आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, १९८८ सालचा. त्याचा मोठा गुण असा, की नावांना अक्षरक्रमाने लावलं तरी ती आपोआप कालक्रमाने लागतात. ज्यांनी कॅमेऱ्यांना अशी नावं द्यायला शिकवलं त्यांचे मी मनापासून आभार मानते.

हत्यारं भरपूर आहेत. लिनक्स आणि मॅकवर ‘टच’ ही आज्ञा आहे. तिला हवी ती वेळ सांगितली की फाइलच्या बदलाची तारीख ती होते. विंडोजवर पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या साधनातून ‘लास्ट-राइट-टाइम’ला नवी किंमत देता येते. आणि फोटोंसाठी फिल हार्वी यांचं एक्झिफटूल आहे. २००३ पासून ते वाढत आलंय, फुकट मिळतं, आणि या कामात त्याच्या तोडीचं दुसरं माझ्या पाहण्यात नाही. फाइलच्या नावातून तारीख घे आणि बदलाच्या तारखेत टाक, हे त्याला एका ओळीत सांगता येतं. नावातली अक्षरं, रेघा, ठिपके बाजूला सारून ते आकडे वेचतं: आधी चार आकड्यांचं वर्ष, मग दोन-दोन आकडे. पूर्ण फोल्डर काही क्षणांत होतो.

पण हीच सोय व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंवर चालवली की काय होतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. तिथलं नाव असतं ‘आयएमजी-२०१९०८१४-डब्ल्यूए०००७’. यात १४ ऑगस्ट २०१९ ही तारीख आहे आणि पुढे त्या दिवशीचा क्रमांक आहे. वेळ नाहीच. आकडे वेचणारं हत्यार मात्र प्रामाणिकपणे पुढचे आकडे घेतं, ०० आणि ०७, आणि हा फोटो मध्यरात्री बारा वाजून सात मिनिटांचा आहे असं लिहून टाकतं. आठवा फोटो बारा वाजून आठ मिनिटांचा. क्रमांक ६० ते ९९ मधला असला की असं मिनिटच नसतं. त्या चुका निदान दिसतात तरी. आधीच्या दिसत नाहीत, कारण ००:०७ ही अगदी शक्य असलेली वेळ आहे. पुढे कधीतरी कोणी तो फोटो पाहील आणि म्हणेल, एवढ्या रात्री ही सगळी जागी होती वाटतं!

म्हणून या फोटोंना वेळ कुठली द्यायची हे आपण ठरवायला हवं, ते हत्यारावर सोडू नये. मी दुपारचे बारा घेते. मध्यरात्रीची वेळ दिली आणि पुढे कुठल्या तरी प्रणालीने घड्याळ एक तास मागे सरकवलं, तर तारीखच आदल्या दिवसावर जाते. दुपारी बारा घेतले की दोन्ही बाजूंना जवळजवळ बारा तासांची मोकळीक मिळते. क्रमांकही वाया घालवायचा नाही, कारण कोणता फोटो आधी आला हे त्यातच आहे. क्रमांकाची दुप्पट करून तेवढे सेकंद बारामध्ये मिळवायचे; सातवा फोटो १२:००:१४ चा. दुप्पट अशासाठी, की पेन ड्राइव्हवर नेहमी आढळणारी फाइली मांडायची फॅट ही पद्धत बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांतच ठेवते, आणि एकेका सेकंदाने लावलेले दोन फोटो तिथे एकाच क्षणावर येऊन बसू शकतात.

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपच्या नावातली तारीख असते तो फोटो आपल्या फोनवर आला किंवा आपण पाठवला त्या दिवसाची. मामाने १९९८ सालचा फोटो २०१९ मध्ये पाठवला, तर नावात २०१९ च येणार. इथे नाव खोटं बोलत नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतं. असे फोटो डोळ्यांनी ओळखून बाजूला काढण्याला पर्याय नाही. रंग, कपडे आणि माणसांची वयं पाहून ते कळतात. आज्ञेच्या एका ओळीत ते बसत नाही.

प्रत्येक उपकरणाच्या नाव देण्याच्या सवयी ओळखाव्या लागतात. गूगलच्या पिक्सेल फोनचा कॅमेरा नावात जागतिक प्रमाणवेळ लिहितो, स्थानिक नव्हे. त्यामुळे नावातली वेळ आणि भिंतीवरच्या घड्याळातली वेळ जुळत नाही, आणि पहाटेचा फोटो नावात आदल्या दिवसाचा दिसू शकतो. काही अ‍ॅप नावात तेरा आकडी संख्या टाकतात, जसं १५६५७७६८१२३४५. पहिल्या नजरेला हा नुसता अनुक्रमांक वाटतो. पण हे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजलेले हजारांश सेकंद आहेत, आणि त्यातून निघतं १४ ऑगस्ट २०१९, सकाळी दहा वाजून बारा सेकंद, जागतिक प्रमाणवेळ. हे पहिल्यांदा उलगडलं तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे. ज्या फाइली निनावी म्हणून सोडून दिल्या होत्या, त्या सेकंदाच्या हिशेबाने बोलायला लागल्या.

उलट, तारखेसारखे दिसणारे आकडे तारीख असतातच असं नाही. चित्राची लांबी-रुंदी, बिलाचा क्रमांक, दूरध्वनीचा क्रमांक, सगळे नावात येतात. १९२०१०८० हे आठ आकडे १९२० सालच्या ऑक्टोबरपर्यंत बरोबर जातात आणि दिवसावर येऊन अडतात, ८० तारीख कुठली असायला? अशी अडवणूक आपल्या फायद्याची असते. म्हणून मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली ती आधी नुसती वाचून दाखवणारी. नाव, सध्याची तारीख, नावातून काढलेली तारीख, एवढंच ती पडद्यावर मांडते आणि कशालाही हात लावत नाही. महिना बाराच्या आत हवा, दिवस त्या महिन्यात बसायला हवा, वर्ष घरात कॅमेरा आल्यानंतरचं आणि आजच्या आतलं हवं. त्या यादीवर शांतपणे नजर फिरवायची. तारखेच्या सांकेतिक अक्षरांतही जपावं लागतं: पायथनमध्ये लहान ‘एम’ म्हणजे महिना आणि मोठा ‘एम’ म्हणजे मिनिट, तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये बरोबर उलट. अदलाबदल झाली तर स्क्रिप्ट तक्रार न करता सगळं वर्षभर विखरून ठेवू शकते.

आता बाबांच्या फाइलींविषयी. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली जुनी पत्रं एकेक करून स्कॅन केली आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने मराठीत नाव दिलं. ‘पत्र ६२ जून काकांचं’, ‘पत्र ७४ मार्च’, ‘१९५८ बहुतेक, तारीख फाटली’. या नावांइतकी माहिती त्या फोल्डरात दुसरीकडे कुठेच नाही. आणि आकडे मराठी! मला वाटलं होतं हे हातानेच करावं लागणार. पण पायथनला मराठी आकडे कळतात. आकडा शोधायचं त्याचं चिन्ह देवनागरी आकड्यांवरही लागू पडतं आणि ‘१९५८’ हे अक्षरांत दिलं तरी त्याची संख्या ते बरोबर करून देतं. शून्य ते नऊ अशी इंग्रजी आकड्यांची चौकट घालून शोधलं तर मात्र हाती काही लागत नाही. महिन्यांच्या नावांसाठी एक छोटा तक्ता केला, त्यात ‘फेब्रु’, ‘सप्टें’, ‘ऑग’ हे बाबांचे संक्षेपही घातले.

दोन आकडी वर्ष ही खरी अडचण. संगणकाच्या प्रचलित नियमानुसार ६९ ते ९९ हे आकडे १९०० च्या शतकात जातात आणि ०० ते ६८ हे २००० च्या. म्हणजे ‘७४ मार्च’ हे १९७४ होतं, ते ठीक, पण काकांचं १९६२ चं पत्र २०६२ साली जाऊन पडतं. ज्या पत्रांबद्दल आपल्याला माहीत आहे की ती सगळी गेल्या शतकातली आहेत, तिथे शतक आपणच सांगायचं.

पण १९६२ हे वर्ष डिस्कच्या नोंदीत लिहिता तरी येतं का? लिनक्स ज्या युनिक्स प्रणालीच्या धर्तीवर बेतलं, तिचा काळ १९७० पासून मोजला जातो, त्यामुळे त्याआधीचा क्षण म्हणजे उणे संख्या. लिनक्सच्या इएक्सटी-४ या फाइली मांडायच्या पद्धतीत अशा तारखा १९०१ च्या डिसेंबरपर्यंत मागे नेता येतात. विंडोजच्या एनटीएफएस या पद्धतीची मोजणी १६०१ पासून आहे, तिथे प्रश्नच नाही. फॅट मात्र १९८० च्या मागे जाऊच शकत नाही. म्हणजे काकांचं पत्र योग्य तारखेसह घरच्या डिस्कवर ठेवता येतं, आणि पेन ड्राइव्हवर टाकून भावाला दिलं की ती तारीख सोबत जात नाही.

याहून खोल अडचण अशी, की डिस्कला दिवस लागतो, तास लागतो, सेकंद लागतो. ‘जून १९६२’ एवढंच माहीत असेल तर ती रकाना मोकळा ठेवू देत नाही. १ जून लिहा, १५ जून लिहा, काहीतरी लिहावंच लागतं, आणि लिहिलं की ते खऱ्या तारखेइतकंच ठाम दिसतं. बाबांच्या ‘बहुतेक’ला तिथे जागा नाही. नावात आहे. नावात माणूस ‘बहुतेक’ लिहू शकतो, ‘तारीख फाटली’ लिहू शकतो. मानकं लिहिणाऱ्यांनाही ही गरज जाणवलेली दिसते: आयएसओ ८६०१ च्या २०१९ सालच्या दुसऱ्या भागात माहीत नसलेल्या आकड्याच्या जागी ‘एक्स’ लिहायची आणि अंदाजाला लहरी रेघ जोडायची सोय केली आहे. डिस्कच्या रकान्यांपर्यंत ती पोचलेली नाही.

म्हणून दुरुस्ती करताना मी प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. फोल्डरातच एक साधी मजकुराची फाइल: नाव, जुनी तारीख, नवी तारीख, आणि ती कशावरून दिली. कशावरून हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिथे ‘नावातून’, ‘एक्झिफमधून’, ‘नावात फक्त दिवस, वेळ गृहीत’, ‘नावात फक्त महिना’, ‘घरच्यांच्या सांगण्यावरून’ असं लिहिलेलं असतं. तारीख दुरुस्त करणारी आज्ञा आणि तारीख खोटी करणारी आज्ञा एकच आहे. फरक कळायचा तो या नोंदीवरून. आणि लिनक्सची ती तिसरी वेळ, सीटाइम, इथे आपली साथीदार होते. तिला ठरावीक किंमत द्यायची सोय ‘टच’मध्ये नाही. आपण फाइलला १९६२ ची तारीख दिली, की ती दिली हा आजचा क्षण प्रणाली तिथे लिहून ठेवते. मला हे फार बरं वाटतं.

बॅकअपचं भान ठेवायला हवं. आरसिंक हे प्रती ठेवण्याचं साधन आकार आणि बदलाची तारीख पाहून फाइल बदलली का हे ठरवतं, म्हणून एवढ्या तारखा बदलल्यावर पुढच्या वेळी ते सगळ्याच फाइली पुन्हा तपासतं. त्याला वेळ लागला तर लागू द्यावा. उलट ‘मागच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच घे’ म्हणणाऱ्या काही पद्धती जुनी तारीख पाहून ती फाइल वगळतील. दुरुस्तीनंतर एकदा सगळ्याचा पूर्ण बॅकअप घेणं उत्तम.

आणि मग उलटा प्रवास. नावातून तारखा काढता काढता लक्षात आलं, की ज्या फाइलींच्या नावात काहीच नाही त्यांच्या पोटातली तारीख नावात आणायला हवी. डिजिटल कॅमेऱ्यांच्या ‘डीएससी_०००१’ सारख्या नावांत चार आकडी क्रमांक असतो आणि तो ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीला येतो, त्यामुळे एकाच नावाचे दोन फोटो भेटणं अटळ. एक्झिफटूल हे उलट कामही एका ओळीत करतं: काढल्याची तारीख-वेळ घेऊन नाव बदलतं, आणि एकाच सेकंदात दोन फोटो असतील तर दुसऱ्याला क्रमांक जोडतं. एका कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं होतं. त्यातल्या एका फोटोत मागे भिंतीवरचं घड्याळ दिसतं आणि तो कुठल्या दिवसाचा हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. त्या एका फोटोवरून फरक काढला आणि पूर्ण संच तेवढाच पुढे सरकवला.

बाबांच्या नावांतलं एक अक्षरही मी बदललेलं नाही. प्रत्येकाच्या आधी फक्त मानकातल्या पद्धतीने तारीख जोडली आहे: ‘१९६२-०६-एक्सएक्स पत्र ६२ जून काकांचं’. आता राहिलेत ते जुन्या अल्बममधून स्कॅन केलेले, नावात स्कॅनरचा नुसता क्रमांक असलेले फोटो. त्यांच्या तारखांना अजून हात लावलेला नाही. ते मावशीला दाखवायचे आहेत. मावशी साल सांगत नाही, ‘तुझ्या आईचं कॉलेज सुटलं त्याच्या आदल्या वर्षी’ असं सांगते, आणि तेवढं पुरतं. वर्ष मिळतं, पुढे चार एक्स.